खाऊचे पैसे : रोज, सोमवारी की एक तारखेला?

घरकर्जाचा हप्ता कधी भरायचा ते बँक ठरवते, शाळेची फी कधी भरायची ते शाळा ठरवते. मुलांना पॉकेटमनी किती दिवसांनी द्यायचा, हे मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. असं काही ठरवायची सवय राहिली नसल्याने अनेक पालक गोंधळतात. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. पायऱ्यांचा क्रम बदलू नये.

१. बैठक घ्यावी. सुरुवातीला वडिलांनी "आमच्या वेळी असले लाड नव्हते" हे वाक्य म्हणायचं असतं. ते आजी देवळात गेलेली असताना म्हणावं. नाहीतर "दर शनिवारी चार आणे नेत होतास की रे!" अशी साक्ष लगेच नोंदवली जाते.

२. रोज देऊन पाहावं. कागदावर ही पद्धत निर्धोक आहे. रक्कम लहान, त्यामुळे नुकसानही लहान. अडचण सुट्ट्यांची. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवताहेत, एक मोजा सापडत नाही आणि वडील पाचशेची नोट हातात धरून दहा रुपये शोधताहेत. फोनवरून सगळ्या जगाला पैसे पाठवता येतात, पण दुसरीतल्या मुलाकडे फोन नसतो. शेवटी "उद्या दोन्ही दिवसांचे देतो" असं ठरतं. सातचा पाढा अडखळत म्हणणारं मूल ही थकबाकी मात्र झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगतं.

३. मग आठवड्यावर यावं. वार सोमवार धरावा. शनिवारी दिलेले पैसे रविवारची संध्याकाळ पाहत नाहीत. सोमवारी दिलेले निदान बुधवारपर्यंत टिकतात. त्यांतून वासाचं खोडरबर येतं. ते वास देतं, खोडत नाही. ही खरेदी शांतपणे पाहावी. आपणही ट्रेडमिल घेतलेली आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळत आहेत. गुरुवारी मूल घरात उदास फिरू लागेल. विरघळू नये. उदास फिरण्याने पैसे मिळतात हे एकदा कळलं की ते मंगळवारपासूनच उदास होतं.

४. तेरा-चौदाव्या वर्षी महिन्याचा विचार करावा. एक तारखेला रक्कम हातात पडते. पाच तारखेला कुणाचा तरी वाढदिवस निघतो, त्याची कॉन्ट्री जाते आणि सहा तारखेला पुरवणी मागण्या सादर होतात. रागावू नये. राज्याचं सरकारही अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडतंच. सरकारी नोकरीतल्या पालकांनी जास्त सावध राहावं. महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांपासून वाढतो, हे त्यांच्या मुलांना पाठ असतं. बचतीची गोडी लावायची तर खातं उघडून द्यावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं, मर्यादा काय घालायच्या ते बँक पाहते. खात्यापाठोपाठ एटीएम कार्डाचा विषय निघेल. तेव्हा अभ्यासाचा विषय काढावा.

५. समांतर अर्थव्यवस्थेवर लक्ष ठेवावं. निघताना आत्या मुलाच्या मुठीत नोट कोंबते, "खाऊला घे." मूल आईकडे बघत "नको, नको" म्हणतं आणि मूठ घट्ट मिटतं. आई "कशाला हो, कशाला" म्हणते. दार लागताच हात पुढे येतो, "दे इकडे, मी ठेवते सांभाळून." हा निधी कुठे जमा होतो, हे आजवर कुठल्याही मुलाला कळलेलं नाही. त्यामुळे दिवाळी-भाऊबीजेच्या आठवड्यात आपलं वेळापत्रक लागू करायला जाऊ नये. बहिणीच्या ताटातली ओवाळणी हिशेबात धरायला तर मुळीच जाऊ नये.

६. शेवटी आपली बाजू तपासावी. इस्त्रीवाला दारात उभा असतो, सुट्टे नसतात आणि आपण मुलाच्या गल्ल्याकडे वळतो. "संध्याकाळी देतो हं." ती संध्याकाळ पुष्कळदा येत नाही. ठरलेला सोमवारही असाच पुढे सरकतो आणि मुलाला आपलेच पैसे तीनदा मागावे लागतात. मग त्याने काटकसर शिकावी म्हणून आपण त्याला वही आणून देतो.

तेव्हा निर्णय असा : दहा-बारा वर्षांपर्यंत आठवड्याला द्या, पुढे हळूहळू महिन्यावर न्या. वार कुठलाही धरा, पण तो चुकवू नका आणि मुलाला मागायला लावू नका. दिलेला शब्द पाळायचा असतो, हे त्याला वहीतून कळणार नाही, तुमच्याकडूनच कळेल. आणि ही पद्धत सुरू करण्याआधी गल्ल्यातून घेतलेले पैसे परत करा. किती होते ते आठवत नसेल तर मुलाला विचारा. त्याला तारखेसकट आठवतंय.