पटाकडे पाठ

आमच्या शेजारचे एक निवृत्त मामलेदार, मिगेल नायडॉर्फ नामक गृहस्थाने 1947 साली साओ पाउलो येथे बुद्धिबळाच्या पटाकडे न पाहता एकाच बैठकीत 45 डाव मांडून त्यांपैकी 39 जिंकल्याचे वर्तमान वाचल्यापासून, आपलाही खेळ डोळे बांधल्यावाचून सुधारावयाचा नाही अशा निष्कर्षाप्रत आले. आणि त्याची अंमलबजावणी त्यांनी सरकारी कामात कधी न दाखविलेल्या तत्परतेने सुरू केली. डोळ्यांवर उपरणे करकचून बांधून ते ओसरीवरून ‘वजिराच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे!’ असा हुकूम सोडीत, आणि पाचव्यासहाव्या खेळीस स्वतःच्याच प्याद्याच्या डोक्यावर घोडा नेऊन बसवीत. हरकत घ्यावी, तर ‘ते प्यादे तिथे आले कोणाच्या परवानगीने?’ अशी आमचीच उलटतपासणी होई.

वास्तविक या विद्येत उपरण्याचे काम नाही. बहुतेक उस्ताद नुसते पटाकडे पाठ करून बसत. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने अशा खेळाडूंच्या रीतसर जबान्या घेऊन 1894 साली ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांच्या अंतश्चक्षूंपुढे पटाचे हुबेहूब चित्र असेल ही त्याची अटकळ पुष्कळशी फसली. कित्येकांना मोहऱ्याचा रंग दिसेना की आकार, दिसे तो फक्त त्याचा मारा. स्मरणशक्तीचे म्हणाल, तर त्याच साओ पाउलोत 1925 साली 29 डाव तोंडी खेळून उठलेला रेटी नावाचा उस्ताद आपली बॅग तिथेच विसरून निघाला होता, असे सांगतात.

तेव्हा खेळ मुरला म्हणजे पट आपोआप डोक्यात बसतो हे खरे. पण डोक्यात पट पुष्कळ बसले म्हणून खेळ तेवढा वाढतो, हे मात्र दप्तरी दाखल नाही. कोल्टानोव्स्की नामक खेळाडूने 1937 साली एडिंबरा येथे असे 34 डाव खेळून एकही गमावला नाही, तरी जगज्जेतेपदाच्या आसपासही तो कधी फिरकला नाही. उलट कापाब्लांका या विक्रमांच्या भानगडीत न पडताच जगज्जेता झाला. दोन्ही मान पटकावणारा आल्योखिन हा अपवादच. सोव्हिएत सरकारने तर 1930 साली प्रकृतीस अपायकारक म्हणून असल्या जाहीर प्रयोगांस मनाई केली. आमच्या आळीत तेवढे कर्तव्यदक्ष सरकार नाही.

सबब मामलेदारसाहेबांनी उपरणे घडी करून खुंटीवर ठेवावे आणि उघड्या डोळ्यांनी एक तरी डाव विसाव्या खेळीपर्यंत वजीर शाबूत राखून दाखवावा, असा माझा निवाडा आहे. यावर अपील चालणार नाही.