‘हे’ यांची लेखी कबुली

आमच्या मामांनी लग्नानंतरच्या उभ्या आयुष्यात मामींना एकदाच लेखी कबुली दिली, आणि 2024 च्या दिवाळीत ती मामींच्या मोबाइलमधून उडाली. घरात चोरी झाली असती तरी एवढा गहजब झाला नसता. चोरीची निदान फिर्याद देता येते.

कबुलीची हकिगत अशी. मामा कल्याणच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. माणसांवर त्यांचा विश्वास नाही, हे त्या नोकरीत समजण्यासारखं आहे. पण त्यांचा बँकेवरही नव्हता. पेन्शन खात्यात येईपर्यंत इलाज नसे, आली की ती लोखंडी कपाटात गरम कपड्यांच्या घडीखाली जाई. ‘अहो, बँकेतच राहू द्या,’ असं मामी वर्षानुवर्षं सांगत होत्या आणि ‘पैसा हाताशी हवा’ असं मामा वर्षानुवर्षं ऐकवत होते. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री आठ वाजता 500 आणि 1000 च्या नोटा रद्द करण्याची घोषणा झाली. नऊ तारखेला बँका बंद. दहाला, गुरुवारी, मामा गरम कपड्यांखालचा ऐवज पिशवीत घेऊन रांगेत. बदलून मिळणार फक्त 4000, बाकीचे मुकाट्यानं खात्यात भरायचे, म्हणजे मामी सांगत होत्या तिथंच. दुपारी एकच्या सुमाराला, रांग जागची हलत नाही अशा वेळी मामांनी बटणांच्या फोनवरून मेसेज केला: ‘तुझे बरोबर होते. माझे चुकले. रांगेत आहे. डबा पाठव.’

भाषा मराठी, लिपी इंग्रजी, अक्षरं सगळी कॅपिटल. एका एसएमएसमध्ये इंग्रजी लिपीची 160 अक्षरं मावतात. देवनागरीत लिहिलं की 70 वरच गाडी थांबते. 3 डिसेंबर 1992 ला इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या इंजिनिअरनं जगातला पहिला एसएमएस पाठवला, तो नाताळच्या शुभेच्छांचा होता, दोनच शब्दांचा. मामांनी साठच्या आत चार वाक्यं बसवली आणि त्यात पश्चात्ताप, पत्ता आणि जेवण अशा तिन्ही गोष्टी आणल्या. कोर्टातल्या माणसाला मसुदा आटोपशीर करता येतो.

मामींनी डबा पाठवला आणि मेसेज ठेवून घेतला. फोन बदलला की मुलाला बसवून सगळे मेसेज नव्या फोनमध्ये आणायच्या. लग्नकार्यात, डोहाळजेवणात, एकदा तर कुणाच्या तरी तेराव्याला जेवणं झाल्यावर, तो दाखवला गेला. वाद कशावरूनही निघो, गॅसचा रेग्युलेटर असो नाहीतर सुनेचं माहेर, मामींचा हात पर्सकडे गेला की मामा वर्तमानपत्र वर घेत.

दिवाळीला नातू पुण्याहून आला. तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला. आजीचा फोन ‘स्टोरेज फुल’ म्हणून कुरकुरत होता, त्यानं साफसफाई काढली. मामींच्या फोनमध्ये मामांचा नंबर ‘हे’ या नावानं साठवलेला आहे. नवऱ्याचं नाव त्या फोनलासुद्धा सांगत नाहीत. मामा-मामी दिवसभर एकाच घरात असल्यामुळे ‘हे’ यांच्याकडून मेसेज येत नसत. आठ वर्षांपूर्वीचा, ‘हे’ नावाच्या इसमाचा, डबा मागणारा एकुलता एक मेसेज. नातवाला तो फसवणुकीचा प्रकार वाटला. गेला.

आणि जागा किती मोकळी झाली? एसएमएस फार तर 140 बाइटचा. मामींच्या फोनमध्ये उगवत्या सूर्याचे, समईचे, ‘शुभ सकाळ’ लिहिलेल्या गुलाबांचे जे फोटो होते, त्यांतला दीडशे केबीचा एक घेतला तरी तेवढ्या जागेत मामांच्या हजारावर कबुल्या मावल्या असत्या. गुलाब सगळे शाबूत राहिले.

मग मला फोन आला. मी पाटबंधारे खात्यात आहे. पण कुणाच्या तरी मुंजीत मी मामींचा फोन सायलेंटवरून काढून दिला होता, तेव्हापासून त्या घरात मी तज्ज्ञ आहे.

‘अरे, तो आत कुठेतरी असेलच ना?’ मामींनी विचारलं. प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. अँड्रॉइड फोनमधले एसएमएस एका लहानशा डेटाबेसमध्ये ठेवलेले असतात. त्याचा प्रकार एसक्यूलाइट, तोच आयफोनमध्येही. मेसेज डिलीट केला की मजकूर तिथल्या तिथे पुसला जातोच असं नाही. बऱ्याचदा ती जागा फक्त मोकळी म्हणून नोंदवली जाते. मी हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात मामा वर्तमानपत्रामागून म्हणाले, ‘म्हणजे रजिस्टरमधला नंबर खोडला, कागद दप्तरातच.’ इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. आपल्याच विरुद्धच्या पुराव्याची व्यवस्था मामा इतक्या निर्विकारपणे समजून घेत होते, की माझा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला.

फक्त त्या मोकळ्या जागेवर पुढचा मेसेज येऊन बसला, की आधीचं संपलं. म्हणून जाणकार सांगतात: मेसेज गेल्याचं कळताच फोन विमान मोडवर टाका आणि त्याला हात लावू नका. मामींना ते कळलं भाऊबीजेनंतर. तोवर सोन्याच्या सवलतीचे, रिचार्ज संपत आल्याचे, ओटीपी कुणालाही न सांगण्याचे आणि मागितल्याशिवाय मंजूर झालेल्या कर्जाचे इतके मेसेज येऊन बसले होते, की त्यांतला कुठला नेमका मामांच्या पश्चात्तापावर बसला ते देवच जाणे. मला तरी कर्जाचा संशय आहे.

स्टेशनजवळच्या एका दुकानावर ‘गेलेला डेटा 100% परत’ अशी पाटी होती. तिथल्या मुलानं फोन उलटासुलटा करून पाहिला आणि ‘रूट करावा लागेल’ म्हणाला. रूट करणं म्हणजे फोनच्या गाभ्यात शिरायची परवानगी मिळवणं. ती मिळवायला आधी बूटलोडरचं कुलूप उघडावं लागतं, आणि ते उघडताना फोन सुरक्षेसाठी आतलं सगळं साफ करतो. म्हणजे गेलेला एक मेसेज शोधायला राहिलेले सगळे घालवायचे. शिवाय अँड्रॉइड 10 आणि त्यानंतरचे नवे फोन आतला मजकूर कूटबद्ध करूनच ठेवतात, त्यामुळे चिप काढून दुसऱ्या यंत्रात वाचली तरी हाती निव्वळ खिचडी लागते. मुलाला मी हे विचारलं. तो म्हणाला, ‘काका, पाटी जुन्या फोनांची आहे.’

नातवानं प्रायश्चित्त म्हणून एक सॉफ्टवेअर उतरवलं. या सॉफ्टवेअरांची रीत ठरलेली असते. शोध फुकट. हिरवी पट्टी भरत जाते, ‘इतके मेसेज सापडले’ म्हणून आकडा झळकतो आणि पाहायचे असतील तर पैसे भरा. सापडलेल्यांत मुख्यतः तेच मेसेज असतात जे फोनमध्ये आधीपासून दिसत होते. मामींनी पैसे द्यायची तयारी दाखवली, तेव्हा मामा म्हणाले, ‘बँकेत राहू दे ते.’

बॅकअप होता. फोन चार्जिंगला लावलेला, वायफाय चालू, घर झोपलेलं, अशी वेळ साधून तो आपोआप घेतला जातो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मामींनी फोन चार्जिंगला लावला आणि त्यानं कबुली नसलेल्या फोनची इमानेइतबारे प्रत काढून ठेवली. मोबाइल कंपनीला विचारून झालं. कंपनीकडे कुणी कुणाला केव्हा संदेश पाठवला याची नोंद राहते, तीही किमान दोन वर्षं ठेवायचं बंधन. आतला मजकूर त्या नोंदीत नसतो. मामा म्हणाले, ‘मेसेज केला होता हे मला मान्यच आहे. त्यात काय होतं ते सिद्ध करा.’

एक वाट उरते, ती पाठवणाऱ्याच्या फोनची. पण त्या काळातल्या बऱ्याच बटणांच्या फोनांत पाठवलेले मेसेज ठेवायची सोय मुद्दाम चालू करावी लागे. मामांनी ती केली नव्हती. ‘स्वतःविरुद्ध दप्तर कोण ठेवतो?’ आणि तो फोनही एक्स्चेंजमध्ये जाऊन नव्या फोनच्या किमतीतून थोडे पैसे कमी झाले होते.

इथं मामांनी संपूर्ण प्रकरणावर एक सामाजिक भाष्य केलं, ते नोंदवण्यासारखं आहे. पूर्वी मरणाचं कार्ड यायचं, कोपरा फाडलेलं, आणि खाली लिहिलेलं असायचं की वाचून फाडून टाकावे. लोक खरंच फाडून टाकत. मजकूर पोचला, काम झालं. आता व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी डिलीट करायची सोय आहे. 2017 मध्ये ती आली तेव्हा सात मिनिटांची मुदत होती, आता दोन दिवसांहून जास्त मिळते. पण मागे ‘हा संदेश हटवला आहे’ अशी पाटी उरते आणि ज्याला मूळ मेसेजमध्ये काडीचा रस नसतो तोही रात्रभर जागतो. ‘फाडलेल्या कार्डाच्या जागी असं काही उरत नव्हतं,’ मामा म्हणाले. मला ते पटलं. पण मी त्या वेळी मामींच्या बाजूनं तज्ज्ञ होतो.

एवढ्या धावपळीत माझ्या लक्षात आलं, ते असं की मेसेजमध्ये काय होतं हे कुणालाच शोधायचं नव्हतं. ती चार वाक्यं मामींना पाठ होती, मामांना पाठ होती, डोंबिवलीपासून इचलकरंजीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठ होती. मी मामांना म्हटलं, ‘मामा, तुम्ही पुन्हा एकदा पाठवून टाका ना. मजकूर तोच.’ मामा चक्क तयार झाले. त्यांनी चष्मा लावला आणि शब्दाला शब्द तसाच टाइप केला, यावेळी डब्यासकट देवनागरीत. मामींचा फोन वाजला. मामींनी पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

‘याला तारीख आजची आहे,’ त्या म्हणाल्या.

शिरस्तेदाराच्या बायकोला एवढं कळणारच.

पुरावा शेवटी सापडला तो इचलकरंजीला. मामींची थोरली बहीण 2016 च्या दिवाळीला आलेली, दहा नोव्हेंबरपर्यंत परतली नव्हती. डबा तिनंच भरला होता. मेसेज तिनं मामींच्या हातात पाहिला आणि आपल्या फोननं त्याचा फोटो काढला, कारण, तिच्याच शब्दांत, ‘भावजींवर कुणी विश्वास ठेवला नसता.’ त्या मावशी काहीही डिलीट करत नाहीत. त्यांच्या फोनला वेगळं कार्ड आहे, ते भरलं की दुसरं येतं, आणि जुनी कार्डं कुंकवाच्या करंड्यात असतात. मामींनी फोनवर नुसतं ‘ह्यांचा तो मेसेज’ म्हणताच चहा होईपर्यंत फोटो आला. टेबलावरचं चौकड्यांचं कापड, मामींचा अंगठा, मधे तो फोन: वर ‘हे’, खाली चार वाक्यं, बाजूला तारीख आणि वेळ 1:07. कोपऱ्यात अर्धी चकली.

मामांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग ते सावरून बसले आणि निवृत्तीनंतर प्रथमच कामाला लागले. हा मूळ मेसेज नव्हे, मेसेजच्या फोटोची आलेली प्रत आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ते पक्कं केलंय. मूळ यंत्रच हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण मूळ यंत्र कुठंय? शिवाय कबुली घेताना अधिकारपदावरच्या व्यक्तीनं प्रलोभन दाखवलं असेल तर जुन्या पुरावा कायद्याचं कलम 24 आड येतं. ‘मी उपाशी होतो,’ मामा म्हणाले, ‘डबा हे प्रलोभन आहे, आणि या घरात अधिकारपदावर कोण आहे ते मी सांगायला नको.’

‘ते फौजदारीत,’ मामी म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्याही कानावर बरंच काही पडलेलं आहे. ‘प्रमाणपत्राचं बोला. ते कोण देतं?’

मामा खरं बोलले. पुराव्याच्या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आहे, त्याचं कलम 63. प्रमाणपत्राचा नमुना मागे जोडलेला आहे. भाग अ पक्षकारानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं.

मामींनी नातवाकडून नमुना छापून आणवला. भाग अ त्यांनी आणि इचलकरंजीच्या मावशीनं मिळून भरला, फोनवर, एकमेकींना दुरुस्त करत. भाग ब माझ्यापुढे आला. त्यात फाइलची हॅश किंमत विचारतात. नातवानं ती काढून दिली, अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक ओळ, आणि मी ती पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी लिहितो तशा चेहऱ्यानं लिहिली. हुद्द्याच्या रकान्यात काय लिहावं म्हणून थबकलो, तेव्हा मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘तज्ज्ञ लिही.’ लिहिलं, सही केली. ताट समोर आलं. पुरणपोळीवर मामींनी तूप वाढायला घेतलं आणि हात आवरला नाही.

मामा माझ्या ताटाकडे पाहत होते.

‘या साक्षीदाराची,’ ते म्हणाले, ‘मला उलटतपासणी घ्यायची आहे. पण आधी मलाही वाढा.’