ट्रॅक्टरचं कंबरडं

अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते. पाऊस किती, कपाशीचं काय, देशाचा राजा गादीवर टिकणार की नाही, हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या बुलडाणा जिल्ह्याला कळतं. आमच्या ट्रॅक्टरबद्दल मात्र त्या घटाजवळच्या पुरी-कुरडईनं अवाक्षर काढलं नव्हतं. त्याच आठवड्यात अंगणात ट्रॅक्टरखाली काळंभोर तळं साचलं. नव्वद नंबरचं गिअर ऑइल. वासावरूनच ओळखू येतं.

हा ट्रॅक्टर वयानं माझ्या थोरल्या भावाच्या बरोबरीचा. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर यात तिची चूक नाही, आणि बॉनेटवरचं नाव वाचता येईल असा माणूस आता गावात उरलेला नाही. मूळ रंग लाल होता, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

आमच्या चिखलीकडं माणूस आजारी पडला तर लोक भेटायला येतात, ट्रॅक्टर आजारी पडला तर औषध सांगायला. शेजारच्या बापूंनी अंगाचा साबण चोळायला सांगितला. डिझेलच्या टाकीची गळती साबणानं तात्पुरती थांबते, हे खरं आहे. म्हणून तर बापूंचा आत्मविश्वास जात नाही. पुतण्याची एम-सीलवर श्रद्धा. त्याच्या घरचा नळ, माठ आणि एक चप्पल त्यावर उभी आहे.

शेवटी मिस्त्री आला. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, खडू हाय का?" मास्तराच्या खिशात दुसरं काय असणार! त्यानं हौसिंग पुसून कोरडं केलं, पातळ डिझेल फासलं, परत पुसलं आणि वर खडू घासला. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यातून एक काळी रेघ हळूहळू वर आली. बोल्टच्या कानापासून निघून वीतभर खाली. मी आयुष्यभर खडूनं रेघा ओढल्या. खडूतून रेघ आपली आपण उगवताना पहिल्यांदाच पाहिली.

"तोडावा लागते," मिस्त्री म्हणाला.

आई ओट्यावरून उठलीच. "तोडू नका बाप्पा, त्यापरीस इकून टाका!"

तिला समजावता समजावता चहाचं आधण आटलं. ट्रकला चासी असते, तिच्यावर सगळं बसवलेलं असतं. आमच्या जातीच्या ट्रॅक्टरला ती नसतेच. इंजिन, क्लचचं हौसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एकमेकांना बोल्टांनी जोडायचे, की झाला ट्रॅक्टर. १९१७ मध्ये हेन्री फोर्डनं फोर्डसन काढला तोही याच घडणीचा. तेव्हा गिअरबॉक्सची पेटी ही नुसती तेलाची डबी नव्हे, ते कंबरडं आहे. ते काढायचं तर ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागतात. पुढचं धूड लाकडी ठोकळ्यांवर निंबाखाली, मागची चाकं गोठ्यासमोर. मधल्या मोकळ्या जागेत पोरांनी क्रिकेटची खेळपट्टी आखली.

गावातला एक वेल्डर मशीन घेऊनच हजर झाला. "दोन रॉडचं काम." मिस्त्रीनं त्याला हात लावू दिला नाही. "लोखंड वाकते, बीड तुटते. बिस्किट हाय हे." बिडात दोन ते चार टक्के कार्बन. एकाच जागी तापवलं की तेवढंच फुगतं, निवताना आखडतं, आणि वेल्डिंग शाबूत राहून शेजारी नवी चीर पडते. त्यात इतक्या वर्षांचं तेल त्या धातूच्या पोटात मुरलेलं.

मग मिस्त्रीची पूजा सुरू झाली. आतले गिअर, बेरिंग सगळं बाहेर. चीर पुढं धावू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक. चिरेवर ग्राइंडरनं खाच. नंतर अंगणात गोवऱ्या आणि कोळसा पेटवून रिकामी पेटी सबंधच्या सबंध तापवली. मुरलेलं तेल धूर होऊन निघालं. गोवऱ्यांचा विस्तव पाहून गल्लीतले दोघं-तिघं रोडग्यांचं जेवण आहे असं समजून ओट्यावर येऊन बसले. वांग्याची भाजी कुठं शिजतेय, अशी एकानं चौकशीही केली.

टाकणखार लावून गॅसच्या ज्योतीवर पितळेची काडी धरली. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळतं, बिडाला अकराशेच्या वर जावं लागतं. त्यामुळे बीड वितळत नाही आणि पितळ खाचेत उतरून घट्ट धरतं. काळ्या पेटीवर ती सोनेरी रेघ इतकी देखणी दिसली की आईनं खामगावच्या सराफाचं नाव काढलं. लगेच पेटी राखेत पुरली. रात्रभर कोणी उकरायची नाही. काका दोनदा राखेशी उकिडवे बसलेले सापडले.

सकाळी पट्टी आणि फीलर गेज लावून तोंड सरळ आहे याची खात्री झाली, आणि पेरणीआधी ट्रॅक्टर पुन्हा एका देहाचा झाला. मिस्त्रीनं निदानही सांगितलं: जोडाचे काही बोल्ट ढिले, म्हणून सगळा भार उरलेल्यांवर, आणि त्यांचाच कान फाटला. बोल्ट आवळणं हे आमच्या घरात नेहमी दुसऱ्याचं काम असतं.

तेव्हा मंडळी, मृगाआधी आपापल्या ट्रॅक्टरच्या जोडाला एकदा पाना लावून बघा. आणि चीर निघालीच, तर "दोन रॉडचं काम" म्हणणाऱ्याला दारातच चहा पाजा आणि तिथूनच वाटेला लावा.