नवे सर

नवे सर जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आढळतात. पवित्र पोर्टलवरून नेमणूक, जन्मगाव दोन-चार जिल्हे पलीकडे आणि शाळा मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या एखाद्या वाडीवरची, अशी त्यांची सर्वसाधारण ओळख. हुद्दा शिक्षणसेवकाचा, मुदत 3 वर्षांची. प्राथमिकचं मानधन पूर्वी 6,000 रुपये होतं, ते जानेवारी 2023पासून 16,000 झालं. शाळा दोनशिक्षकी, पट 60पर्यंत असला की शिक्षक दोन, हे 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण. वर्ग मात्र चार. नव्या मॅडमनाही पुढचं सगळं लागू पडतं.

पहिली अवस्था खरेदीची. चार रंगांची पेनं, प्लास्टिकच्या फायली, चिकटचिठ्ठ्या आणि एक भारी डायरी घेतली जाते. रविवारी खोलीवर बसून वेळापत्रक आखलं जातं: पहिली हिरवी, दुसरी निळी. दोन्ही इयत्ता एकाच खोलीत असल्यानं प्रत्येक तासिकेला दोन रंग. सोमवारी परिपाठ संपतो न संपतो तोच पहिलीतलं एक पोर आईच्या नावानं भोकाड पसरतं. त्याच्यासाठी कोणताच रंग ठरलेला नसतो.

दुसरी अवस्था माहितीची. मोबाइलवर केंद्राचा गट, तालुक्याचा गट, पोषण आहाराचा गट आणि साहेब नसलेला एक गट. संदेश तीन प्रकारचे: तात्काळ, अतितात्काळ आणि ‘काल मागवलेली माहिती अद्याप अप्राप्त’. मुरलेले शिक्षक फक्त तिसऱ्याला उत्तर देतात. नवे सर तिन्हींना, तेही वजाबाकी शिकवता शिकवता. यू-डायस, आधार, गणवेश, शिष्यवृत्ती या सगळ्यांना तोच पट हवा असतो. तो चार तक्त्यांत चारदा भरला जातो आणि बेरीज चार प्रकारची येते. पोषण आहाराला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ. हजेरी, नोंदवही आणि पोतं या तिघांचं एकमत व्हावं लागतं. दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला निघाली की काही पोरंही कोयत्यामागं जातात. पट तोच राहतो, बसकरपट्ट्या रिकाम्या होतात, आणि तक्त्यात याचा रकाना सापडत नाही.

तिसरी अवस्था टाचणवहीत दिसते. जूनची पानं मोत्यासारख्या अक्षराची, जुलैची घाईची, ऑगस्टमध्ये फक्त तारखा. केंद्रप्रमुख पान उलटतात.

‘पुढं?’

‘लिहायचंय, सर.’

चौथ्या अवस्थेत मोठ्या सरांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा शोध लागतो. ते तोवर शेजारच्याच खोलीत असतात. त्यांचा सगळा पसारा एका जाड वहीत मावतो. शेवटच्या पानावर प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग आणि आधार क्रमांक एकदाच उतरवलेला; कोणीही, काहीही मागो, आकडा त्याच पानावरून जातो. हजेरी परिपाठानंतर लगेच, तांदळाची नोंद भात शिजायच्या आत, उद्याचं टाचण शाळा सुटण्याआधी. मोबाइल मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. दप्तराच्या कपाटाची किल्ली खिशात, म्हणजे शोधाशोध नाही. या पद्धतीमागचं तत्त्वज्ञान त्यांनी एका दमात सांगितलेलं असतं: ‘सर, आधी पोरायचं बघा. कागद कुठं पळून चालला?’

नवे सर डायरी बाजूला ठेवून वही घालतात. महिनाभरात बेरजा जुळू लागतात, टाचणाला सप्टेंबर दिसतो, आणि पहिलीतलं रडणारं पोर फळ्यावरचं ‘कमळ’ वाचून दाखवतं. ही बातमी कोणत्याही गटावर मागवलेली नसते, त्यामुळे ती वर जात नाही. वर जातं ते एवढंच, की या शाळेची माहिती वेळेत आणि बिनचूक येते.

इथून पाचवी अवस्था सुरू होते. नव्या सरांना ‘तंत्रस्नेही’ ही पदवी मिळते आणि साऱ्या केंद्राची माहिती गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे येतं. 3 वर्षांनी ते नियमित शिक्षक होतात. शेजारच्या वाडीवर दुसरे नवे सर रुजू झाले, की त्यांना पहिला ‘अतितात्काळ’ हेच पाठवतात. व्यवस्थित काम करणाऱ्याला शिक्षण खात्यात एकच बक्षीस ठरलेलं आहे: आणखी काम.