पुढचा बाक कोणाचा?

रविवारची मिस्सा सुरू झालेली असते. उशिरा आमदारसाहेब येतात, मागे चार कार्यकर्ते. लगेच समितीतला कोणीतरी धावतो आणि पहिल्या बाकावरच्या मासळीवाल्या बाईला खुणेनेच उठवतो. ती निमूट मागे जाऊन खांबाशी उभी राहते. नेमक्या त्याच वेळी वेदीवरून बंधुप्रेमाचं प्रवचन चाललेलं असतं.

हा प्रसंग बायबलमध्ये आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा. सोन्याच्या अंगठीवाल्याला मानाची जागा, मळक्या कपड्यांतल्याला पायाशी. याकोब याला गैरव्यवस्था म्हणत नाही, पाप म्हणतो.

चोरीची कबुली देतात, खोटं बोलल्याची देतात. ‘फादर, मी माणूस बघून खुर्ची दिली’ अशी कबुली देणारा तुम्हाला कधी भेटलाय?

या दुखण्यातून थोर मंडळीही सुटली नाहीत. अंत्युखियात खुद्द पेत्र परराष्ट्रीयांसोबत जेवत होता. यरुशलेमहून आपली माणसं आली आणि तो पंगतीतून उठला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं.

पहिला पोप म्हणून ज्याला मानतात, त्याला तोंडावर सुनावता येतं. आपल्या फेस्त समितीच्या अध्यक्षाला मात्र कोणी बोलायचं नाही!

आपल्याकडे तर पंक्तिभेदाला विटा आणि चुनाही मिळाला. तमिळनाडूत तिरुनेलवेली भागात वडक्कनकुळम नावाचं गाव आहे. तिथं 1872 मध्ये चर्च बांधलं ते दोन दालनांचं. विजारीचे दोन पाय कमरेशी जुळावेत तशी ती दालनं वेदीपाशी येऊन मिळत. एका बाजूला वेल्लाळ, दुसऱ्या बाजूला नाडर, मध्ये भिंत. धर्मगुरू दोघांना दिसे, ते एकमेकांना दिसत नसत.

ती भिंत 1910 मध्ये पाडली. वेल्लाळ, म्हणजे वरच्या जातीवाले, कोर्टात गेले आणि हरले. भिंत कोणी बांधली, यापेक्षा ती टिकावी म्हणून वकील कोणी लावला, हे लक्षात ठेवा.

गोव्यात भिंत लागलीच नाही. बामण, चार्डो, सुदिर ही जातींची उतरंड बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही. सासष्टीतल्या काही चर्चांत कॉन्फ्रारियाचा, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघाचा, झगा कोणी घालायचा आणि फेस्ताचा मान कोणाचा, हे जन्मावरून ठरत आलं. पापक्षालन सगळ्यांचं, झगा मोजक्यांचा.

दिवाडीच्या मातेउश द कास्त्रोचंच बघा. एतद्देशीय म्हणून गोव्याच्या आर्चबिशपने त्याला धर्मगुरू होऊ दिलं नाही. गडी थेट रोमला गेला, धर्मगुरू झाला आणि 1637 मध्ये बिशपही. तरी गोव्यातल्या पोर्तुगीज पाद्रींनी त्याला जुमानलं नाही. मग त्याने 1653 मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध उठण्याचं आवाहन लिहिलं.

ते लिहिलं कोणाला? गोव्याच्या ब्राह्मणांना, आपल्याच जातीला!

ज्याला उंबऱ्यावर अडवलं, त्यालाही आपल्यापुरतंच दार उघडून हवं होतं.

जुन्या गोष्टी झाल्या म्हणता? लग्नाच्या जाहिराती वाचा. ‘आर.सी. ब्राह्मण मुलीसाठी अनुरूप वर हवा.’ आर.सी. म्हणजे रोमन कॅथलिक. मग पुढचा शब्द कोणत्या शुभवर्तमानातून आला?

भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 2016 मध्ये दलितांविषयीच्या धोरणात लेखी मान्य केलं, की चर्चमध्ये भेदभाव आहे. कबुली दिली, हे चांगलं झालं. पण पहिला दलित कार्डिनल मिळायला 2022 उजाडलं. इतकी शतकं कोणाला पात्र माणूसच दिसला नाही?

दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातीच्या सवलती हव्यात, ही मागणी रास्त आहे. 1950 च्या आदेशाने त्यांना बाहेर ठेवलं. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून दाराबाहेरच. हा अन्याय आहे. पण दिल्लीत ‘आमच्यात जात आहे’ असा अर्ज करायचा आणि रविवारी ‘ख्रिस्तात जात नाही’ असं प्रवचन द्यायचं, हे किती दिवस चालणार?

जमत नाही, असं मात्र कोणी सांगू नये. पंडिता रमाबाई कट्टर ब्राह्मण घरातल्या, पुढे ख्रिस्ती झालेल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मिळतील त्या मुली आणल्या आणि केडगावात एका छपराखाली वाढवल्या. त्यांनी भूक पाहिली, जात विचारत बसल्या नाहीत.

तेव्हा चर्च समितीच्या पुढच्या बैठकीत दोन ओळींचा ठराव मांडा. कोणताही बाक राखीव नाही. फेस्ताचा मान दरवर्षी चिठ्ठी टाकून. विरोध करणाऱ्याशी वाद घालू नका. त्याला उभं करा आणि याकोबाचा दुसरा अध्याय सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा.