सेटअपराव

हिंजवडीत कुठल्याही फेजमधल्या कुठल्याही मजल्यावर जा, एक सेटअपराव सापडतातच. पत्ता विचारावा लागत नाही. मेकॅनिकल की-बोर्डचा खडखडाट ऐकत जायचं.

सेटअपराव आळशी मुळीच नाहीत. इतका राबणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. फक्त त्यांचं सगळं राबणं काम सुरू होण्याच्या आधीचं. सकाळी आले की एडिटर उघडतात आणि थीम निरखतात. थीम बदलली की फॉन्ट खटकतो. या सेटिंगची त्यांनी गिटवर वेगळी रिपॉझिटरी केली आहे आणि कमिट मेसेज वाचून घ्यावेत असे आहेत: ‘फॉन्ट १३ चा १४ केला, डोळ्यांवरचा ताण कमी’, ‘फॉन्ट परत १३, ओळी तुटत होत्या’. प्रोजेक्टच्या कोडमधले त्यांचे मेसेज असे: ‘फिक्स’, ‘फिक्स २’, ‘आता नक्की फिक्स’.

मग टोमॅटो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर समोर ठेवला. त्यातून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती अशी पद्धत निघाली. चिरिलोचं भलं झालं. सेटअपरावांनी हुबेहूब तसाच टोमॅटो मागवला. आता त्याची टिकटिक अख्ख्या रांगेला ऐकू येते. पहिली २५ मिनिटं जातात पुढच्या प्रत्येक २५ मिनिटांत काय करायचं याचा तक्ता आखण्यात. तक्ता रंगवून होतो न होतो तोच टोमॅटो वाजतो, आणि राव शिस्तीचे, ताडकन चहाला उठतात. विश्रांती त्यांनी एकदाही चुकवलेली नाही.

ऑनलाइन कोर्सबद्दल विचारूच नका. सेल लागला की घेतात. बघायचे तेवढे राहिलेत.

‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या १९९९च्या पुस्तकात रबरी बदकाची युक्ती आहे. कोड अडला की बदकाला एकेक ओळ समजावून सांगायची. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच दिसते. रावांनी बदक आणलं. पण बदकाला समजावायला आधी कोड लिहावा लागतो, तिथे घोडं अडलं.

परवा रिलीजच्या संध्याकाळी ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जात होते. टीममधली नवी मुलगी लॅपटॉप घेऊन रावांच्या टेबलाशी आली. “दादा, बघ ना, इथून रिक्वेस्ट जाते. उत्तर वेळेत आलं नाही की आपण परत पाठवतो.” रावांच्या कानांवर हेडफोन, नजर नव्या थीमवर. त्यांनी मान डोलावली. “म्हणजे पहिली पोचलेली असली आणि नुसतं उत्तरच उशिरा आलं, तर... अय्या! दोन्ही रिक्वेस्टना एकच नंबर द्यायला हवा. थँक्यू दादा!”

बाकीचे सीनियर पहिल्याच वाक्याला हातातून की-बोर्ड ओढून घेतात. राव मध्ये अवाक्षर बोलत नाहीत. त्यामुळे हल्ली अर्धा मजला आपापले बग घेऊन त्यांच्यापाशी येतो आणि सुटलेले घेऊन जातो. यंदाच्या अप्रेझलमध्ये ‘ज्युनियरांना मार्गदर्शन’ या रकान्यात त्यांना पाचपैकी पाच मिळाले. तेव्हापासून मार्गदर्शनासाठी खुर्ची कुठली घ्यावी, याचा त्यांचा अभ्यास चालू आहे.