‘आपले उपकरण सुरक्षित नाही’: बँकेच्या ॲपला अनावृत पत्र

श्रीयुत मोबाइल बँकिंग ॲप यांस,
सा. न. वि. वि.

फोनमधली गूगलची अँड्रॉइड काढून मी ग्राफीनओएस ही दुसरी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवली आणि आपण ‘आपले उपकरण सुरक्षित नाही’ म्हणून माझ्या तोंडावर दार लावलेत. या दक्षतेचे कौतुक करावे तितके थोडे! आमच्या सासऱ्यांच्या फोनला कित्येक वर्षांत सुरक्षेचे एकही अपडेट आलेले नाही, लॉटरी लागल्याचे कळवणारी ॲप्स त्यात सुखाने नांदताहेत, आणि तिथे आपण बोट टेकवताच उघडता. माझ्या फोनला अपडेट वेळच्या वेळी येतात, फोन सुरू होताना ओएस उघडून देणारा द्वारपाल, म्हणजे बूटलोडरही मी पुन्हा लॉक केला आहे. पण त्याच्याकडे गूगलचा दाखला नाही. आपण प्ले इंटिग्रिटी या गूगलच्याच तपासणी-सेवेला विचारता, ती गूगललाच विचारते, आणि गूगल म्हणते, ‘हा आमच्यातला नव्हे.’ मुलाची चौकशी मुलाच्याच मामाकडे करून सोयरीक जमवावी, तसा हा कारभार.

त्यातही ग्राफीनओएस आजवर चालत आली ती गूगलच्याच पिक्सेल फोनांवर. म्हणजे गूगलपासून सुटण्यासाठी मी आधी गूगललाच पैसे मोजले. (घरात हा विषय काढू नये, ही विनंती.)

दुसरी स्थळे पाहिली नाहीत असे समजू नका. उबुंटू एज या फोनसाठी कॅनॉनिकलने 2013 मध्ये लोकांकडे 3 कोटी 20 लाख डॉलर मागितले. 1 कोटी 28 लाखांचे शब्द मिळाले, फोन काही निघाला नाही. 2017 मध्ये कंपनीने उबुंटू टच ही फोनची ओएसच सोडून दिली, आता यूबीपोर्ट्सची मंडळी ती सांभाळतात. आपली स्वदेशी भरओएस 2023 मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर वापरून पाहिली. तिचा पाया मात्र अँड्रॉइडच्याच मुक्त सोर्स कोडचा.

मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसची कथा मात्र ऐकाच. 2013 मध्ये तिचे फोन बाजारात आले आणि काही वर्षांतच मोझिलाने गाशा गुंडाळला. तिच्याच कोडमधून कायओएस निघाली, आणि 2017 मध्ये जिओफोनमध्ये बसून ती कोट्यवधी भारतीयांच्या खिशात गेली. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी पेढे वाटावेत असा प्रसंग! पण फोन घेणाऱ्याने आत कोणती ओएस आहे हे विचारले नाही. त्याने विचारले, ‘व्हॉट्सॲप चालतं का?’ ते 2018 मध्ये आले. ओएसला तारणारे आणि बुडवणारे, महाराज, तुम्ही ॲपवालेच. भाजीवालीच्या क्यूआर कोडसमोर सोर्स कोड दाखवून कोथिंबीर मिळत नाही.

तेव्हा मागणे एवढेच. अँड्रॉइडमध्ये हार्डवेअर अटेस्टेशनची सोय आहेच: फोनमधली चिप स्वतः सही करून सांगते की बूटलोडर लॉक आहे आणि ओएसवर अमुक किल्लीची मोहोर आहे. ग्राफीनओएसने आपल्या किल्ल्यांचे ठसे जाहीर केले आहेत. ते आपल्या मान्य यादीत घालावेत. मामाला विचारावेच लागणार नाही.

हा अर्ज रीतसर ‘तक्रार नोंदवा’ या बटणातून करणार होतो. ते बटण लॉग-इन झाल्यावरच दिसते, म्हणून छापायला दिला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक दाखला नसलेला खातेदार